आर्यभटाचं लूकअप टेबल

आजचा भाग अर्धा कोडचा, अर्धा इतिहासाचा.

आर्डुइनो उनो बोर्ड बघितलाच असेल. त्यातली चिप 8 बिटची, रॅम फक्त 2 किलोबाइट, आणि दशांशाच्या आकडेमोडीला वेगळं हार्डवेअर नाही. तिच्याकडून एक स्वच्छ सूर काढायचा, तर साईन वेव्ह लागते. सेकंदाला हजारो वेळा साईनची किंमत काढ म्हटलं, तर बिचारी धापा टाकते. म्हणून आपण उत्तरं आधीच काढून तक्ता साठवतो आणि चिप ओळीने आकडे उचलत जाते.

तक्ता छोटा ठेवायच्या दोन युक्त्या आहेत. एक, फक्त 0 ते 90 अंश साठवा. पुढचे 90 अंश म्हणजे तेच आकडे उलटे वाचायचे, आणि उरलेली अर्धी लाट म्हणजे तेच सगळं ऋण चिन्हाने. दोन, अपूर्णांक टाळा. सगळं एका मोठ्या संख्येने गुणून पूर्णांक करा.

आता जाऊया इसवी सन 499 च्या सुमारास. आर्यभट ‘आर्यभटीय’ लिहितोय. त्याला सूर हवा नव्हता, ग्रहांची स्थानं काढायची होती. पण अडचण ओळखीची आहे: मेमरी कमी. कारण मेमरी म्हणजे शिष्याचं पाठांतर!

त्यानेही 90 अंशच घेतले, आणि त्याचे 24 भाग केले. त्रिज्या धरली 3438. का? वर्तुळाचा परीघ 21,600 कला, म्हणजे 360 गुणिले 60. त्यावरून त्रिज्या जवळपास तेवढीच येते. झाले सगळे पूर्णांक.

खरी गंमत पुढे आहे. त्याने किमती दिल्याच नाहीत, दोन किमतींमधले फरक दिले: 225, 224, 222, 219, 215, 210, 205, 199... शेवटचा फक्त 7. आकडे लहान, म्हणून अक्षरांत बांधून 24 च्या 24 एका श्लोकात बसले. आज आपण याला डेल्टा एन्कोडिंग म्हणतो.

मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा आणि वरचे आठ आकडे मिळवा. 1719 येतात, म्हणजे 3438 च्या बरोबर निम्मे. आठ पायऱ्या म्हणजे 30 अंश, आणि 30 अंशांचा साईन अर्धा!

‘साईन’ हा शब्दसुद्धा इथूनच निघाला. संस्कृत ज्या किंवा जीवा, म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत ती जीबा झाली, लिहिताना स्वर गळले, वाचणाऱ्यांनी जैब वाचलं, म्हणजे घडी. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं सायनस.

आता लगेच ‘आर्यभटाने कॉम्प्युटर शोधला’ असा फॉरवर्ड करू नका, प्लीज. तसं काही नाही. आपला कोड त्याच्याकडून आलेला नाही. अडचण सारखी होती, म्हणून उत्तर सारखं निघालं. त्याचं कौतुक करायला एवढं खरं पुरेसं आहे, खोटं जोडलं की खरंही कुणी ऐकत नाही.

पुढच्या भागात पहिला भास्कर: त्याने तक्त्याशिवाय, एकाच सूत्रात साईन कसा काढला ते बघू. तोपर्यंत, ते 24 आकडे बोर्डात टाकून स्पीकर जोडून बघा!