कवटीतला दाब आणि डोळ्यातली खूण



लोणावळ्याचे तलाव आपण सर्वांनी पाहिले आहेत. वर पाणी किती शांत दिसते! पण तेच पाणी लोखंडी नळांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला उतरते, आणि 1915 सालापासून त्याच्या जोरावर तेथे वीज तयार होत आली आहे. पाण्याचा दाब बंद नळातून जेथवर वाट मिळेल तेथवर पोचतो, एवढी एक गोष्ट मनात धरली म्हणजे आजचा विषय निम्मा समजला.

मेंदूभोवतीही पाणी आहे. डोळ्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिमज्जेवर आवरणाची एक नळी असते, आणि मेंदूभोवतीचे हे पाणी तिच्यात थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत येते. कवटीत गाठ झाली, मेंदूच्या आवरणाला क्षयाची बाधा झाली, किंवा पाण्याचा निचरा तुंबला, की दाब वाढतो. कवटी हाडाची, ती फुगत नाही. मग त्या दाबाची खूण डोळ्यात उमटते. दृष्टिमज्जेचे टोक, म्हणजे डोळ्याच्या तळाशी दिसणारी फिकट चकती, सुजून वर येते.

ही खूण माणसाला दिसू लागली ती फार अलीकडे. 1851 साली हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले. त्यापूर्वी जिवंत माणसाची बाहुली म्हणजे वैद्याच्या दृष्टीने एक काळोखे दारच होते. नऊच वर्षांनी, 1860 मध्ये, बर्लिनच्या फोन ग्रेफे यांनी मेंदूत गाठ असलेल्या रोग्यांच्या डोळ्यांतील ही सूज वर्णन केली.

सूज का येते, यावर मात्र वाद सुरू झाला. ग्रेफे म्हणाले, कवटीतील दाबाने डोळ्यातून रक्त परत नेणाऱ्या शिरा तुंबतात. पुढे 1869 मध्ये दाखवून देण्यात आले की, डोळ्याच्या खोबणीतल्या शिरांना चेहऱ्याच्या शिरांकडेही वाट असते. एक दार लागले तर रक्त दुसऱ्या दाराने जाईल. त्याच साली श्वाल्बे यांनी आवरणाच्या नळीचा कवटीशी असलेला संबंध सिद्ध केला. तरी सगळा उलगडा व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली, आणि तो करण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे, हे ऐकून आपल्याला संतोष वाटेल. पंजाबात जन्मलेले डॉ. सोहनसिंग हायरे यांनी लंडनमध्ये माकडांवर प्रयोग केले. कवटीत लहानसा फुगा फुगवून त्यांनी दाब वाढविला आणि एका बाजूच्या दृष्टिमज्जेचे आवरण उघडून ठेवले. त्या बाजूला सूज आली नाही. होती तीही ओसरली. 1964 साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. नळीला भोक पडले की दाब पुढे जात नाही, इतके ते सोपे होते. पुढे 1977 च्या सुमारास असेही दिसले की, मज्जातंतूंच्या आत पेशीरसाचा जो संथ प्रवाह चालतो, तो डोळ्याच्या उंबरठ्यावर अडतो व तंतू फुगतात.

आता प्रश्न असा की, दाब सारखाच असून एकाला सूज फार, दुसऱ्याला थोडी, असे का? पहिले कारण नळीची वाट: ती काहींत रुंद, काहींत अरुंद, म्हणून कधी एकाच डोळ्यात सूज अधिक दिसते. दुसरे, खुद्द डोळ्यातला दाब: तो कमी असेल तर मागचा दाब जिंकतो. तिसरे, वेळ: दाब एकाएकी वाढला तर सूज दिसायला काही तास, बहुधा काही दिवसही, लागतात. चौथे, वय: तान्ह्या मुलाची टाळू भरलेली नसते, कवटीचे सांधे सैल असतात, तेथे डोके मोठे होते, सूज उशिरा येते. आणि पाचवे सर्वांत फसवे: तंतू मेलेले असतील तर सूज येतच नाही! फॉस्टर केनेडी यांनी 1911 मध्ये असे रोगी वर्णिले, ज्यांचा गाठीखाली दबलेला एक डोळा फिकट आणि दुसरा सुजलेला होता.

शरीराची ठेवणही येथे मोजावी लागते. उभ्या माणसाच्या कवटीतला दाब कमी असतो, आडवे झाले की वाढतो. म्हणून अशी डोकेदुखी पहाटे जोर करते. 2011 मध्ये सहा महिने अंतराळात राहून आलेल्या सात अंतराळवीरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील पाच जणांच्या डोळ्यांत ही सूज आढळली होती. तेथे उभे राहणे आणि निजणे यांत भेदच नाही.

येथे मला आपल्या मावळाची आठवण होते. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापिले आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. आसनांचा गुण श्रद्धेवर न सोडता त्यांनी तो क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासला. नौलीत पोटातला दाब किती उतरतो आणि शीर्षासनात रक्तदाबाचे काय होते, हे मोजून पाहणारा हा योगी होता. त्याच वाटेने जाऊन चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी 2006 मध्ये 75 योगाभ्यासींचे डोळे मोजले. शीर्षासनात डोळ्यातला दाब सुमारे दुप्पट झालेला आढळला.

निरोगी माणसाने यावरून घाबरायचे कारण नाही. पण ज्याला सतत डोकेदुखी आहे, पहाटे उलटी होते, वाकताना किंवा उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याने डोके खाली करण्यापूर्वी डोळ्यांचा तळ तपासून घ्यावा. आरंभी नजर चांगली राहते, म्हणून माणूस निर्धास्त असतो. उपचार लांबले तर तंतू वाळतात आणि सूज आपोआप उतरते; रोगी म्हणतो बरे वाटले, आणि तेव्हाच दृष्टी जात असते.

तलाव शांत दिसतो म्हणून नळात दाब नाही असे होत नाही. दाब मोजावा लागतो. लोणावळ्याच्या त्या योग्याने शंभर वर्षांपूर्वी आपल्याला मोजायला शिकविले, एवढे आपण विसरू नये.