मिठाच्या वाटा

वर्गात एकदा मी मुलांना विचारले, "मीठ कोठून येते?" "दुकानातून!" असे उत्तर तत्काळ आले. सह्याद्रीच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हां वडगावकरांना ते उत्तर अगदीच चूक म्हणवत नाही. वेंगुर्ल्याचा समुद्र बेळगावपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, आणि मध्ये घाट.

थंड देशांत हिमवर्षावापूर्वी रस्त्यांवर टाकण्याच्या मिठाचे ढीग रचतात आणि मालमोटारी सज्ज ठेवतात. आपल्याकडे तशीच तयारी पावसाळ्यापूर्वी करावी लागे; मात्र ती रस्त्यासाठी नसून भाकरीसाठी होती. मिठागरे उन्हाळ्यात पिकतात, आणि मृगाबरोबर रामघाटाची वाट बिकट होई. तेवढ्या अवधीत वर्षभराचे मीठ वर चढले पाहिजे. वाटेत भिजले, तर गोणीतून पाणीच गळायचे.

हे काम लमाणांच्या तांड्यांचे. लादणीचा बैल सुमारे शंभर किलो ओझे वाही. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३२ साली पाहिलेला तांडा चौदा हजार बैलांचा होता, आणि तो दिवसाला सहा-सात मैलांहून अधिक चालत नसे. त्या गतीने वेंगुर्ला ते बेळगाव दहा-बारा दिवस लागणार. जाताना धान्य, येताना मीठ. विसावा धरला तर हंगामात तीन-चारच फेऱ्या. हजार बैलांचे मीठ आज दहा टनी दहा ट्रक नेतील!

तांडे ज्या आगराकडे वळतील, त्याची भरभराट. हे शिवाजी महाराजांनी नेमके ओळखले होते. बारदेशचे स्वस्त मीठ व्यापाऱ्यांना ओढून नेत होते, म्हणून १६७१ साली कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांना त्यावर जबर जकात बसविण्याची आज्ञा त्यांनी केली. संगमेश्वरचे मीठ खपावे, हा हेतू. इंग्रजांचा हेतू निराळा होता. १८७८ च्या पोर्तुगीज तहाने त्यांनी गोव्याची मिठागरेच आपल्या नियंत्रणाखाली आणली, ती मिठावरील कराचे उत्पन्न बुडू नये म्हणून. तो तह १८९२ साली संपला.

तोवर मुरगावची आगगाडी घाट चढून आली होती. १८८८ साली तो मार्ग खुला झाला, आणि पावसाळ्याची धास्ती ओसरली. पण ज्यांच्या पाठबळावर पिढ्यान्‌पिढ्या आपली भाकरी खारट झाली, त्या लमाणांचा धंदा रस्त्यांनी आणि रुळांनी बसविला. पुढे कित्येक ठिकाणी गुन्हेगार जमातींच्या सरकारी यादीत त्यांचे नाव चढले. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.