गालिच्यावरचे पट्टे आणि सारवणाची बोटं

व्हॅक्यूम फिरवलेल्या जाड गालिच्यावरचे फिकट-गडद पट्टे कधी नीट पाहिलेत? रंग एकच असतो, मळही नसतो. मशीन जाईल तिकडे गालिच्याची लव झुकते, एवढंच. आपल्यापासून लांब झुकलेली लव कडेने दिसते म्हणून उजळ, आपल्याकडे झुकलेल्या लवेची टोकं दिसतात म्हणून गडद. क्रिकेटच्या मैदानावरच्या हिरव्या पट्ट्यांचंही हेच गणित.

एके काळी गालिचा साफ करायचा म्हणजे अंगणात नेऊन, दोरीवर टाकून, काठीने बडवायचा. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने १९०१ साली धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्र एवढं अवाढव्य की ते घोडागाडीवर रस्त्यातच उभं राहायचं आणि लांब नळ्या खिडकीतून आत जायच्या! १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतला गालिचा यानेच साफ केला. धूळ जाताना बघ्यांना दिसावी म्हणून पारदर्शक नळ्याही वापरत. साफ केलं हे दिसायला नको का?

पण मला जास्त आवडतो तो जेम्स स्पँगलर. अमेरिकेत, ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणारा माणूस. धुळीने दम लागायचा, म्हणून त्याने स्वतःच फिरता ब्रश लावलेलं, हाताने ढकलता येईल असं यंत्र जुळवलं. १९०८ साली पेटंट मिळालं. पुढे ते हूवर कुटुंबाने विकत घेतलं आणि नाव झालं हूवरचं. असो.

गरम पाण्याने गालिचा धुणाऱ्यांचं निराळंच. ओल्या लवेवर मशीनच्या तोंडाचे पट्टे उठतात, गोल फिरणाऱ्या पॅडचे तर गरगर वर्तुळं. तशीच वाळली तर खूण राहून जाते. म्हणून ओलं असतानाच लांब दांड्याच्या दाताळ्याने सगळी लव एका दिशेला विंचरायची. याला ग्रूमिंग म्हणतात. आणि हे करायचं मागे सरकत सरकत, दाराकडे. आपलंच पाऊल उमटायला नको ना!

हे वाचलं आणि थेट आमचं पिंपरी पेंढार आठवलं. नगर-कल्याण रस्त्यावर ओतूर आणि आळेफाट्याच्या मधलं गाव. आज्जी शेणाने घर सारवायची ती अशीच: कोपऱ्यातून सुरुवात, उकिडवं बसून मागे मागे, थेट उंबऱ्यापर्यंत. हाताचे अर्धगोल एकात एक बसलेले, त्यात चारही बोटांच्या रेघा. ते अर्धगोल कोणी विंचरून पुसत नसे, उलट तीच शोभा. आज्जीचा हात कुठला आणि काकूचा कुठला हे आम्हा पोरांनाही कळायचं. सारवणाचं कौतुक नको तितकं करायचं नाहीये मला. कमरेचं काय होतं ते आज्जीला विचारा. फरशी बसली तेव्हा सगळ्यात जास्त खूश तीच होती.

हापिसात मात्र गंमत वेगळी. आमच्या मजल्यावर बारीक फाशांच्या कार्पेटच्या चौकोनी लाद्या आहेत. ती लव कापलेली नसते, त्यामुळे झुकत नाही आणि पट्टेही फारसे उठत नाहीत. रात्री कोणीतरी अख्खा मजला व्हॅक्यूम करून जातं आणि सकाळी दहाला आम्ही कॉफी घेऊन त्यावरून चालतो, काहीच घडलं नसल्यासारखे. वॉशरूमच्या दारामागे निदान कागद तरी असतो, दर तासाला सहीचा. कार्पेटसाठी तोही नाही.