मशेरीची कुळकथा

वरळी कोळीवाड्यासारख्या मुंबईच्या जुन्या वस्त्यांत, गिरणगावातल्या चाळींत आणि पश्चिम महाराष्ट्राच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या दातांना लावली जाणारी मशेरी, म्हणजे भाजून काळी केलेल्या तंबाखूची पूड, कितीही घरची वाटली तरी तिचे मूळ द्रव्य परदेशातले आहे. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर उतरली, आणि १६०४-०५ च्या सुमारास असद बेग याने ती विजापुराहून नेऊन अकबरापुढे ठेवली, तेव्हा मोगल दरबाराला जी वस्तू नवलाची होती ती दख्खनेत आधीच पोचलेली होती.

तंबाखू येण्यापूर्वीही काळ्या पुडीने दात घासण्याची रीत येथे होती. विवाहित स्त्रिया दातवण लावत. त्यातील हिरड्याचे तुरट द्रव्य आणि हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, यांचा संयोग होऊन दातांवर काळा थर बसे आणि तो सौभाग्याचे व शोभेचे लक्षण मानला जाई. मशेरीने काळा रंग, तर्जनीने घासण्याची पद्धत आणि स्त्रियांच्या दिनक्रमातले स्थान ही तिन्ही दातवणाकडून घेतली असावीत, असे अनुमान करण्यास जागा आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की दातवणात निकोटिन नव्हते.

मशेरी करण्याची रीत साधी आहे. तापल्या तव्यावर तंबाखूची पाने टाकून ती काळी व कुरकुरीत होईपर्यंत परततात, त्या धुराने घरभर ठसका लागतो, आणि मग ती चुरून डबीत भरतात. पहाटे मासळी घेण्यासाठी धक्क्यावर निघणाऱ्या कोळणीला दात घासणे आणि तरतरी येणे ही दोन्ही कामे एकाच चिमटीत साधत, आणि ठणकणाऱ्या दाढेपाशी ती दाबून धरली की वेदनेची जाणीवही काही काळ बोथट होई. मशेरी औषध ठरली ती येथेच. दाढेची कीड मात्र वाढतच राहते, कारण तोंडातले जंतू साखरेपासून जे आम्ल बनवतात ते दाताचे कठीण कवच विरघळवते, आणि त्यावर तंबाखूचा काहीही इलाज चालत नाही. उलट जेथे पूड रोज टेकते तेथील हिरडी मागे सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि थंड पाण्याने शिणशिणू लागते. तोंडात पांढरा चट्टा उमटणे ही त्यापुढची, कर्करोगाकडे नेऊ शकणारी पायरी होय.

मुलांची बाब अधिक गंभीर आहे. दुधाचे दात पडणारच, या समजुतीने त्यांची कीड तशीच सोडली जाते. पण तिचा संसर्ग खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा करू शकतो, आणि दात अकाली गेला तर शेजारचे दात त्या जागेत कलतात, म्हणून तेथेही वेळीच सिमेंट भरणे किंवा टोपी बसवणे हाच योग्य उपचार ठरतो. मशेरीची झळ तर जन्माआधीच लागते. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले, धूरविरहित तंबाखू, विशेषतः मशेरी, वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. ही बंदी योग्यच होती, परंतु ती कारखान्यातल्या डबीला लागू पडली. घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या पानांपर्यंत ती पोचू शकली नाही, आणि जी सवय आई किंवा आजीकडून लागते ती मोडण्याचे काम घराघरांतच व्हावे लागेल. सवय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात अथवा १९४१ पासून परळला असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात विनाविलंब दाखवावी. वरळीहून ही दोन्ही ठिकाणे जवळच आहेत.