धुरावर पोसलेलं शेवाळ

कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड सूक्ष्म शैवालाला पाजावा, ही कल्पना हवामानबदलाच्या काळजीतून आलेली नाही. तिचं मूळ आहे खुराकाच्या खर्चात.

क्लोरेला हे हिरवं शैवाल डच शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी १८९० साली वेगळं करून वाढवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढत्या जगाला खायला काय घालायचं, ही धास्ती पडली आणि हे प्रयोगशाळेतलं शैवाल पीक म्हणून पाहिलं जाऊ लागलं. १९५१ साली अमेरिकेत, केंब्रिजमधल्या आर्थर डी. लिटल कंपनीच्या गच्चीवर, कार्नेगी संस्थेसाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांत ते वाढवलं गेलं. पण साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड तेव्हा जेमतेम ०.०३ टक्के. एवढ्यावर दाट पीक उपाशीच राहणार. म्हणून हवेत तो ५ टक्क्यांपर्यंत मिसळायचे. आज नकोसा झालेला वायू तिथे मुद्दाम पुरवावा लागत होता!

मग फुकटचा वायू कुठे मिळेल? बर्कलीचे विल्यम ऑस्वाल्ड सांडपाण्याचे इंजिनिअर. त्यांनी आणि त्यांचे सहकारी गोल्युके यांनी १९६० साली आपल्या गोबरगॅसची आठवण व्हावी असं एक चक्र मांडलं: सांडपाण्यावर शैवाल वाढवा, ते कुजवून मिथेन काढा, त्यावर वीज करा आणि धुरातला कार्बन डायऑक्साइड परत तळ्यात सोडा. मला या कुळकथेतला सगळ्यात देखणा टप्पा हाच वाटतो.

तेलटंचाईनंतर अमेरिकी सरकारने १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधन मिळवण्याच्या संशोधनावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चले. त्यासाठी न्यू मेक्सिकोत केलेल्या तळ्यांचं उत्पन्न गारठ्याने मारलं. धूर शोषणं हाच मुख्य हेतू धरून मोठं काम झालं ते १९९०च्या दशकात, जपानमध्ये.

हिशेब मात्र अजून जुळत नाही. एक किलो सुकं शैवाल सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड धरतं. चौरस मीटरला रोज २० ग्रॅम हे चांगलं उत्पन्न वर्षभर टिकलं, तरी ५०० मेगावॉटच्या कोळसा केंद्राच्या धुरासाठी २०० चौरस किलोमीटरांहून जास्त तळी लागतील. रात्री तर शोषण बंदच. शिवाय शैवालाचं तेल गाडीत जाळलं, की धरलेला कार्बन पुन्हा हवेत. वाचतं ते तेवढंच खनिज तेल.