व्हीएलसी मीडिया प्लेयरद्वारे स्क्रीन मुद्रण

व्हीएलसी मीडिया प्लेयरद्वारे स्क्रीन मुद्रण म्हणजे संगणकाच्या पडद्यावर घडणाऱ्या हालचाली व्हीएलसी या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने चित्रफितीच्या रूपात साठवणे. अशा चित्रफितीस स्क्रीनकास्ट असेही म्हणतात. व्हीएलसी मुख्यतः चित्रपट व गाणी चालवण्यासाठी वापरले जाते. तथापि ते पडद्यालाही कॅमेऱ्यासारखेच एक चित्रस्रोत मानत असल्याने वेगळी आज्ञावली न बसवता मुद्रण करता येते.

पार्श्वभूमी

व्हीएलसीचा उगम १९९६ साली फ्रान्समधील एकोल सांत्राल पॅरिस या अभियांत्रिकी संस्थेत विद्यार्थी प्रकल्प म्हणून झाला. महाविद्यालयाच्या आवारातील जाळ्यावरून चित्रप्रवाह पाठवणे हा त्याचा मूळ हेतू होता. १ फेब्रुवारी २००१ रोजी हा प्रकल्प जीपीएल परवान्याखाली खुला झाला. १.० ही आवृत्ती मात्र जुलै २००९ मध्ये आली. प्रवाह घेणे, त्याचे रूपांतर करणे आणि तो पुढे पाठवणे ही कामे सुरुवातीपासूनच रचनेत असल्यामुळे पडदा मुद्रित करण्याची सोय त्यात सहज सामावली.

कार्यपद्धती

विंडोजवर 'मीडिया' मेन्यूतील 'ओपन कॅप्चर डिव्हाइस' उघडून 'कॅप्चर मोड' या ठिकाणी 'डेस्कटॉप' निवडावे लागते. त्याच चौकटीत दर सेकंदाला किती चित्रे घ्यायची हे ठरवता येते. मूळ मांडणीत हा आकडा १ असतो. तो तसाच राहिल्यास चित्रफीत अडखळत चालते आणि नवख्या वापरकर्त्यांची सर्वाधिक फसगत येथेच होते. सादरीकरणाच्या पट्ट्यांसाठी १० ते १५ चित्रे पुरतात, हालचाल जास्त असल्यास २५ ते ३० ठेवावीत. यानंतर 'प्ले'शेजारच्या बाणातून 'कन्व्हर्ट' निवडून एच.२६४ सारखी सांकेतन पद्धत व धारिकेचे नाव दिले की 'स्टार्ट' दाबताच मुद्रण सुरू होते. 'स्टॉप' दाबल्यावर ते थांबते.

सांकेतन न करता कच्ची चित्रे साठवणे व्यवहार्य नाही. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्याचे एक चित्र, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास, सुमारे ८.३ मेगाबाइटचे होते. दर सेकंदाला २५ चित्रे घेतल्यास एका मिनिटाला सुमारे १२.४ गिगाबाइट जागा लागते. एच.२६४ केवळ बदललेला भाग नोंदवत असल्याने, जवळपास स्थिर असणारी पट्टी त्याच्या अगदी अल्प अंशात मावते.

मर्यादा

डेस्कटॉप पद्धतीत आवाज मुद्रित होत नाही. ध्वनिग्राहक हा दुय्यम स्रोत म्हणून वेगळा जोडावा लागतो, किंवा निवेदन ऑडॅसिटीसारख्या आज्ञावलीत स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर चित्राशी जुळवावे लागते. लिनक्सवर ही सोय जुन्या एक्स-११ प्रणालीवर आधारलेली असल्याने वेलँड वापरणाऱ्या नव्या वितरणांत ती चालत नाही. तेथे ओबीएस स्टुडिओ अधिक सोयीचा ठरतो.

एमपी-४ धारिकेची अनुक्रमणी सहसा मुद्रणाच्या शेवटी लिहिली जाते. मध्येच वीज गेल्यास तासाभराचे मुद्रण उघडेनासे होऊ शकते. वीजपुरवठा बेभरवशाचा असेल तेथे टीएस किंवा एमकेव्ही स्वरूप निवडणे श्रेयस्कर, कारण त्यांत तोवर लिहिलेला भाग बहुधा वाचतो.

शैक्षणिक उपयोग

महाराष्ट्रात स्क्रीनकास्टचा सर्वांत पद्धतशीर वापर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात दिसतो. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पास केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून अर्थसाहाय्य मिळाले. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन इत्यादी विषयांवरील साधारण दहा मिनिटांचे हे पाठ पडदा मुद्रित करूनच तयार होतात. मराठी आवृत्तीत चित्र तेच राहते आणि फक्त निवेदन बदलते. त्यामुळे मराठी वाक्य मूळ वाक्याच्याच वेळेत बसवावे लागते. हे काम दिसते त्याहून अवघड आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांत या तंत्राला पोषक शैक्षणिक जाळे आहे. रयत शिक्षण संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात असून सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्ता गट मुक्त आज्ञावलींच्या प्रसाराचे काम करतो. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाल्यावर राज्यभर अध्यापन दूरस्थ झाले. पाटण-जावळीचा डोंगरी भाग किंवा माण, जत, आटपाडी यांसारख्या विखुरलेल्या वस्तीच्या तालुक्यांत थेट तासापेक्षा आधी मुद्रित केलेला, लहान आकाराचा पाठ सोयीचा असतो. तो पेन ड्राइव्हवरून देता येतो आणि विद्यार्थ्याला हवा तितक्या वेळा थांबवून पाहता येतो. इतरांचा सहभाग असलेला ऑनलाइन तास मुद्रित करताना मात्र सहभागींची पूर्वसंमती घेणे आवश्यक आहे.

भारतातील संकेतस्थळबंदी

फेब्रुवारी २०२२ पासून व्हिडिओलॅन संस्थेचे अधिकृत संकेतस्थळ भारतात उघडेनासे झाले. संस्थेला याची पूर्वसूचना मिळाली नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या साहाय्याने शासनास कायदेशीर नोटीस दिली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये बंदी उठली. बंदी संकेतस्थळापुरती असल्याने प्रयोगशाळांतील संगणकांवर आधीच बसवलेल्या प्रती चालूच राहिल्या. परंतु अधिकृत स्रोत बंद असताना नवी प्रत शोधणारा वापरकर्ता त्रयस्थ संकेतस्थळांकडे, पर्यायाने घातक आज्ञावली मिसळलेल्या बनावट प्रतींकडे वळण्याचा धोका या काळात वाढला होता.