ट्युनिशिया : कर्ज काढून गमावलेला देश

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

ट्युनिशिया म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, हॅनिबलचं कार्थेज. दोन, २०१० साली एका फेरीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि सगळं अरब जग पेटलं. या दोन्हींच्या मधे जवळपास सव्वादोन हजार वर्षं पडलीत आणि आजचा ट्युनिशिया समजून घ्यायला त्यातली एकोणिसाव्या शतकातली चाळीसेक वर्षं पुरेशी आहेत. पण त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

देश तसा लहान. क्षेत्रफळ आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित जास्त, लोकसंख्या सव्वा कोटीच्या आत. उत्तरेला भूमध्य समुद्र, दक्षिणेला सहारा, मधे ऑलिव्हच्या बागा. नावाला तुर्की सुलतानाचा प्रांत, पण प्रत्यक्षात गादी हुसैनी घराण्याची. गादीवरच्या राजाला 'बे' म्हणत.

१८३० मध्ये फ्रान्सने शेजारचा अल्जेरिया गिळला आणि बे मंडळींची झोप उडाली. १८३७ साली गादीवर आलेल्या अहमद बेने ठरवलं, आपणही युरोपसारखं व्हायचं. १८४६ मध्ये त्याने गुलामगिरी बंद केली. अमेरिकेने ती बंद केली १८६५ मध्ये, हे लक्षात घ्या. त्याच वर्षी तो फ्रान्सला जाऊन आला. त्याने आधुनिक फौज उभारली, लष्करी शाळा काढली, मोहम्मदिया इथे व्हर्सायच्या तोडीचा राजवाडा बांधायला घेतला. आज तिथे पडक्या भिंती आहेत. पैसा कुठून आणायचा हा प्रश्न होताच. त्यात महसुलाचे मक्ते ज्याच्याकडे होते तो महमूद बिन अयाद १८५२ मध्ये प्रचंड माया घेऊन पॅरिसला पळाला आणि फ्रेंच नागरिक होऊन बसला. कर्ज बुडवून परदेशी पळायची रीत आपल्याच काळातली आहे असं समजू नका.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. १८५७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे उठावाची धामधूम चालू असताना, ट्युनिसच्या बेने एक जाहीरनामा काढला. सर्व धर्मांच्या प्रजेला जीवित-वित्ताची हमी, कायद्यापुढे सगळे समान. १८६१ मध्ये त्यावर राज्यघटनाच आली. अरब जगातली पहिली लेखी राज्यघटना ती. साठ जणांचं मंडळ, मंत्र्यांनी त्याला जबाबदार राहायचं, वगैरे. वाचायला झकास. पण साठही जण नेमलेले होते, निवडलेला एकही नाही. त्याचा अध्यक्ष खैरुद्दीन हा खरा सुधारक. तो १८६२ मध्ये राजीनामा देऊन बाजूला झाला. कारण सगळी सूत्रं पंतप्रधान मुस्तफा खजनदार याच्या हातात, आणि हा खजनदार म्हणजे त्याचाच सासरा! सासरा खजिना पोखरतोय आणि जावई घटना सांभाळतोय.

१८६३ मध्ये पॅरिसच्या एर्लांगर पेढीकडून साडेतीन कोटी फ्रँकचं कर्ज घेतलं. दलाली-कमिशन कापून हातात आलं त्याहून बरंच कमी, फेडायचे मात्र दुपटीच्या जवळ. दलालीत खजनदारचाही वाटा होता. हप्ते भरायचे म्हणून सरकारने 'मजबा' हा डोईपट्टीसारखा कर ३६ पियास्तरवरून थेट ७२ केला. भार पडला तो मुख्यतः खेड्यापाड्यांतल्या आणि टोळ्यांतल्या माणसांवर. १८६४ च्या वसंतात देश उठला. अली बिन गधाहिम हा त्यांचा पुढारी. लोकांची मागणी काय होती? कर कमी करा, आणि ती घटना रद्द करा! हसू नका. गावातल्या माणसाला घटनेतून मिळालं होतं काय, तर दूरचं कोर्ट आणि दुप्पट कर. बेने कर उतरवला, घटना गुंडाळली, आणि लोक पांगल्यावर फौज पाठवली. किनाऱ्यावरच्या साहेल भागात एवढा दंड बसवला की शेतकऱ्यांनी ऑलिव्हची झाडं सावकारांकडे गहाण टाकली. गधाहिम १८६७ मध्ये तुरुंगात मेला. त्याच वर्षी दुष्काळ आणि कॉलरा.

१८६९ मध्ये तिजोरीच्या किल्ल्या फ्रान्स, इटली आणि ब्रिटनच्या संयुक्त आयोगाकडे गेल्या. १२ मे १८८१ ला फ्रेंच फौजेच्या पहाऱ्यात बेने सही केली. त्याला 'बार्दोचा तह' म्हणतात. निमित्त सांगितलं गेलं ते सरहद्दीवरच्या खुमीर टोळ्यांच्या धाडींचं. स्वातंत्र्य मिळायला २० मार्च १९५६ उजाडला.

पुढचं थोडक्यात. बुर्गिबांनी त्याच वर्षी बहुपत्नीत्व बंद केलं, बायकांना घटस्फोटाचा हक्क दिला. फार मोठं काम. १९७५ मध्ये मात्र स्वतःला तहहयात अध्यक्ष करून घेतलं. १९८३ च्या शेवटी, नाणेनिधीच्या सल्ल्याने, पावाचे भाव दुपटीवर नेले, दंगली झाल्या, माणसं मेली, आणि ६ जानेवारी १९८४ ला भाव मागे घ्यावे लागले. १९८७ मध्ये बिन अलींनी, डॉक्टरांच्या दाखल्यावर, त्यांना बाजूला केलं. १७ डिसेंबर २०१० ला सिदी बूझिदमध्ये मोहम्मद बूअझीझीचा माल पालिकेने जप्त केला आणि त्याने पेटवून घेतलं. महिन्याभरात बिन अली सौदीला पळाले.

२०१४ मध्ये नवी घटना आली, तीही साऱ्या जगाने वाखाणली. २५ जुलै २०२१ ला अध्यक्ष कैस सईद यांनी संसद गोठवली, पुढच्या वर्षी स्वतःची घटना आणली. सार्वमताला जेमतेम तीस टक्के लोक फिरकले. १८६४ ची आठवण होते ती इथे. संसद बंद झाली त्या रात्री अनेक जण रस्त्यावर येऊन नाचले होते. नोकरी नाही, पाव महाग, आणि घटना मात्र उत्तम, हे त्यांनी दहा वर्षं पाहिलं होतं. याच सईद यांनी २०२३ मध्ये नाणेनिधीच्या १९० कोटी डॉलरच्या कर्जाच्या अटी झिडकारल्या, तेव्हा हवाला दिला १९८४ च्या पाव-दंगलींचा.

कुणी त्या बाजूला जाणार असाल तर अल-जमचं रोमन रंगमंडल आणि कैरुआनची मशीद चुकवू नका. पण ट्युनिसमधलं बार्दो संग्रहालय आधी बघा. बेंचा जुना राजवाडा तो. रोमन मोझेइकचा असा खजिना जगात क्वचित कुठे असेल. २०१५ च्या मार्चमध्ये इथेच अतिरेक्यांनी वीसहून जास्त माणसं मारली. संसद याच आवारात आहे, म्हणून २०२१ मध्ये तिच्याबरोबर संग्रहालयालाही कुलूप लागलं. ते उघडलं सप्टेंबर २०२३ मध्ये.